नव्या पिढीचा प्रोसेसर घेताना बोर्डाकडून काय अपेक्षा ठेवावी

प्रश्न असा आहे: सध्याचं यंत्र सहा-सात वर्षांपूर्वीचं, एएमडीच्या एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या जागेचा) बोर्ड, डीडीआर४ रॅम. काम थोडं व्हिडिओ एडिटिंगचं, थोडं गेमिंगचं. नव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आणि त्यांच्यासोबत नवे मदरबोर्ड आले की त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची? लगेच घ्यायचं की थांबायचं? आणि जुन्यातलं काय काय नव्यात चालेल?

मी यंत्रं जुळवायचं आणि बिघडलेली दुरुस्त करायचं काम करतो. एकामागून एक पिढ्यांचे बोर्ड हाताखालून गेले, त्यावरून सांगतो. नवी पिढी आली की सगळी चर्चा प्रोसेसरची होते, पण पहिले काही महिने तुमची गाठ पडते ती बोर्डाशी, रॅमशी आणि बायोसशी, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरशी. प्रोसेसर डब्यातून येतो तेव्हा त्याचं सिलिकॉन पक्कं झालेलं असतं. बोर्डाचं बायोस मात्र विक्रीला आल्यानंतरही बरेच महिने घडत असतं. म्हणून तेच सुटे भाग पहिल्याच आठवड्यात जोडणाऱ्याला आणि तीन-चार महिन्यांनी जोडणाऱ्याला वेगळा अनुभव येतो, आणि नंतरच्याचा बहुतेक वेळा चांगला असतो.

आधी वेगाचं बोलू, कारण सगळ्यांना तेच हवं असतं.

एएमडीने झेन ३ या कोअरच्या पिढीच्या वेळी, २०२० मध्ये, क्लॉकच्या दर ठोक्यामागे १९ टक्के जास्त काम होईल असं जाहीर केलं होतं. २०२२ च्या झेन ४ ला हा आकडा १३ टक्के होता आणि २०२४ च्या झेन ५ ला १६ टक्के. ही अनेक प्रोग्रॅमची सरासरी असते. त्यातल्या एखाद्या प्रोग्रॅमला तीस टक्के मिळतात, एखाद्याला दोनच, आणि तुमचं काम कुठल्या टोकाला आहे हे सरासरी सांगत नाही. दुसरीकडे क्लॉक आता फारसा वाढत नाही. झेन ४ च्या रायझन ९ ७९५०एक्सचा सर्वोच्च बूस्ट ५.७ गिगाहर्ट्झ होता, पुढच्या पिढीच्या ९९५०एक्सचाही तेवढाच आहे. इंटेलचा १४९००केएस ६.२ गिगाहर्ट्झपर्यंत गेला, पण त्याच्या पुढच्या पिढीचा कोअर अल्ट्रा ९ २८५के ५.७ वरच थांबला. म्हणजे गिगाहर्ट्झचा आकडा बघून पिढी निवडायचे दिवस गेले. आता फरक पडतो तो कोअरच्या रचनेत, कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीत) आणि विजेच्या वापरात.

झेन ५ मध्ये एव्हीएक्स-५१२ च्या, म्हणजे एकाच वेळी अनेक आकड्यांवर हिशेब करणाऱ्या, सूचना पूर्ण ५१२ बिट रुंदीने चालवायची सोय आली. ज्या सॉफ्टवेअरला त्याचा उपयोग करता येतो, तिथे वाढ डोळ्यांत भरण्यासारखी होती. गेममध्ये मात्र सुरुवातीच्या चाचण्यांत साध्या झेन ४ च्या मानाने फरक थोडाच दिसला आणि लोक निराश झाले. त्यानंतर विंडोजमध्ये ब्रँच प्रेडिक्शनशी (पुढची सूचना कुठली येईल याच्या प्रोसेसरच्या अंदाजाशी) संबंधित सुधारणा आली, तिने गेम वेगवान झाले खरे, पण ती झेन ४ लाही लागू पडली. पाठोपाठ एएमडीच्या नव्या फर्मवेअरने झेन ५ च्या ९६००एक्स आणि ९७००एक्सला ६५ वॉटऐवजी १०५ वॉटवर चालवायची अधिकृत सोय दिली आणि दोन चिपलेटमधल्या (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या चिपमधल्या) कोअरना एकमेकांशी बोलायला लागणारा वेळही कमी केला. प्रोसेसर तेच, बोर्ड तेच; ऑगस्टमध्ये काढलेले आकडे वर्ष संपायच्या आत जुने झाले.

याच पिढीतला मोठा फायदा गेमिंगच्या आलेखांमुळे झाकला गेला, तो विजेचा. झेन ४ च्या ७७००एक्सला सॉकेटमधून १४२ वॉटपर्यंत ओढायची मुभा होती; ९७००एक्स त्याच्या मूळ सेटिंगवर ८८ वॉटमध्ये तेवढंच किंवा थोडं जास्त काम करतो. दिवसभर रेंडर लावून ठेवणाऱ्याला, लहान कॅबिनेटमध्ये यंत्र बसवणाऱ्याला, पंख्याच्या आवाजाने वैतागणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो. माझ्या मते नव्या पिढीकडून पहिली अपेक्षा हीच ठेवावी: तेवढंच काम, कमी उष्णता.

गेमिंगला खरी उडी मिळाली ती कॅशमुळे. गेम सतत रॅमकडे छोट्या छोट्या गोष्टी मागत असतो आणि रॅमचं उत्तर यायला प्रोसेसरच्या मानाने फार वेळ लागतो. एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला, त्यात कोअरच्या चिपलेटवर ६४ एमबी कॅशचा आणखी एक थर रचून एल३ कॅश ९६ एमबीवर नेली होती. क्लॉक साध्या ५८००एक्सपेक्षा कमी असूनही गेममध्ये तो पुढे गेला. नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये हाच थर कोअरच्या खाली नेला. त्यामुळे कोअरची उष्णता थेट कूलरकडे जाऊ लागली आणि क्लॉक पूर्वीइतका आवरून धरावा लागला नाही. तुम्ही १४४० पी किंवा ४के पडद्यावर मध्यम दर्जाच्या ग्राफिक्स कार्डने खेळत असाल, तर मात्र प्रोसेसर कुठलाही घ्या, अडणार आहे ते कार्डच. चाचण्यांमध्ये मुद्दाम १०८० पी आणि सर्वांत महागडं कार्ड वापरतात ते प्रोसेसरमधला फरक उघडा पाडण्यासाठी. तेच चित्र तुमच्या टेबलावर दिसेल असं नाही.

नवी पिढी जुनीपेक्षा मागे पडू शकते का? पडू शकते. इंटेलने ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० एस आणलं, नवा एलजीए १८५१ सॉकेट आणि झेड८९० चिपसेटसह (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या डिस्क, यूएसबी वगैरेंच्या जोडण्या सांभाळणारी चिप). हायपर-थ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामं चालवायची सोय) काढून टाकलं, प्रोसेसर वेगवेगळ्या टाइल्स (छोट्या चिप) जोडून बनवला, आणि मेमरी कंट्रोलर कोअर असलेल्या टाइलमधून बाहेर दुसऱ्या टाइलवर गेला. रेंडरिंगसारख्या कामात तो दमदार निघाला, वीजही आधीच्या पिढीपेक्षा कमी घेऊ लागला. पण रॅमपर्यंतचा प्रवास लांबला आणि अनेक गेममध्ये तो स्वतःच्याच १४९००केच्या मागे राहिला. इंटेलने नंतर मान्य केलं की विंडोजमधला वीज-व्यवस्थापनाचा एक भाग बाजारात येताना जुळलेला नव्हता आणि काही बोर्डांची बायोस सेटिंग्जही ठीक नव्हती. दुरुस्त्या टप्प्याटप्प्याने आल्या. पुढे एप्रिल २०२५ मध्ये आतल्या जोडण्यांचा आणि रॅमचा वेग वॉरंटी न गमावता वाढवायची सोयही दिली. हाच प्रोसेसर व्हिडिओच्या कामाला मी आजही आनंदाने सुचवेन. निव्वळ गेमसाठी नाही.

आता बोर्डाकडे येतो, आणि इथे जरा थांबणार आहे.

बायोस म्हणजे एकसंध वस्तू नसते. एएमडी आपल्या प्रोसेसरसाठी एजेसा नावाचा गाभा बोर्ड बनवणाऱ्यांना देते, इंटेल मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं वागणं ठरवणारा कोड) देते. बोर्डवाले त्याभोवती आपापली सेटिंग्ज, व्होल्टेजचे आकडे आणि मेन्यू बांधतात. त्यामुळे एकच प्रोसेसर दोन बोर्डांवर वेगवेगळ्या व्होल्टेजवर चालू शकतो. यातून झालेली दोन मोठी प्रकरणं लक्षात ठेवण्याजोगी आहेत. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याचं समोर आलं. रॅमचं एक्सपो प्रोफाइल (रॅम जाहीर वेगाने चालवायची तयार सेटिंग) चालू केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं) फार वर नेत होते. एएमडीने नव्या एजेसामधून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. दुसरं प्रकरण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचं. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि काही महिन्यांत अस्थिर होत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. ज्यांचा प्रोसेसर आधीच झिजला होता त्यांना या अपडेटने काही मिळालं नाही, त्यांना तो बदलूनच घ्यावा लागला.

यावरून दोन सवयी लावून घ्या. यंत्र जुळवल्यावर विंडोज टाकायच्या आधी बायोस अद्ययावत करा. आणि बोर्ड निवडताना मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा. त्याने प्रोसेसर आणि रॅम न बसवताही, फक्त वीज आणि पेनड्राइव्हच्या जोरावर बायोस बदलता येतं. जुन्या चिपसेटचा बोर्ड घेऊन त्यात नव्या पिढीचा प्रोसेसर बसवायचा असेल तर हे बटण जवळपास अत्यावश्यक आहे, कारण गोदामात पडून असलेल्या बोर्डाच्या बायोसला तो प्रोसेसर ओळखताच येत नाही.

पहिल्यांदा चालू करताना काय होतं तेही सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या ‘बिघडलेल्या’ नव्या यंत्रांतली कित्येक मुळात बिघडलेली नसतात. सगळं जोडलं, बटण दाबलं. पंखे फिरतात, बोर्डावरच्या चार छोट्या दिव्यांपैकी डीरॅम लिहिलेला दिवा पेटून राहतो आणि पडदा काळाच. मिनिट जातं, दोन मिनिटं जातात. माणूस घाबरून बटण दाबून बंद करतो, पुन्हा चालू करतो, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. डीडीआर५ मध्ये बोर्ड पहिल्या वेळी प्रत्येक रॅम मॉड्यूलशी सिग्नलची वेळ जुळवून बघतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. रॅम जास्त क्षमतेची असेल तर याला कित्येक मिनिटं लागतात. एएम५ च्या (एएम४ नंतरच्या एएमडी सॉकेटच्या) सुरुवातीच्या बायोसमध्ये हा वेळ फारच होता, पुढे कमी झाला. पंधरा मिनिटं हात लावू नका. त्यानंतरही दिवा तसाच असेल तर वीज काढा, एकच मॉड्यूल ठेवा, तेही प्रोसेसरकडून मोजलेल्या दुसऱ्या स्लॉटमध्ये, आणि पुन्हा तेवढीच वाट बघा. बायोस बदललं किंवा सीमॉस (बायोसची साठवलेली सेटिंग्ज) साफ केलं की हे ट्रेनिंग पुन्हा होतं, तेव्हाही घाबरू नका.

रॅमबद्दल आणखी एक, आणि हे एडिटिंग करणाऱ्यांनी नीट वाचावं. बोर्डावर चार स्लॉट असतात, म्हणून आत्ता दोन मॉड्यूल घेऊ आणि पुढे आणखी दोन टाकू, असा हिशेब डीडीआर४ च्या काळात जमून जायचा. डीडीआर५ वर तो जमेलच असं धरू नका. रायझन ९००० ला दोन मॉड्यूल असताना एएमडी अधिकृतपणे ५६०० चा वेग देते, चार भरले की ३६००. चारही मॉड्यूल जास्त वेगाने चालतात अशीही यंत्रं आहेत, पण त्याची हमी कोणी देत नाही. ६४ जीबी लागणार असेल तर पहिल्याच दिवशी ३२ ची जोडी घ्या. एएम५ साठी ६००० च्या वेगाची, कमी लेटन्सीची (लवकर उत्तर देणारी) जोडी पुरे. त्यापुढे प्रत्येक पायरीला मिळकत घटते आणि डोकेदुखी वाढते. इंटेलच्या नव्या मंचावर (एलजीए १८५१ वर) क्लॉक ड्रायव्हर बसवलेली सीयूडिम जातीची रॅम जास्त वेगाला स्थिर राहते, तिथे ती घ्यायला हरकत नाही.

बोर्डाच्या खोक्यावर जे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, ते सगळं एकाच वेळी वापरता येईलच असं नसतं. एएम५ प्रोसेसरमधून २८ पीसीआय एक्सप्रेस लेन (माहिती वाहून नेणाऱ्या वाटा) निघतात. त्यातल्या चार चिपसेटशी बोलायला जातात, सोळा ग्राफिक्स कार्डाला, आणि उरलेल्या आठ एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायच्या जागा) आणि इतर गोष्टींना. एक्स८७० आणि एक्स८७०ई या चिपसेटच्या एएम५ बोर्डांवर यूएसबी४ सक्तीचं आहे, आणि त्याच्या कंट्रोलरला याच आठातल्या चार लागतात. परिणाम असा की बऱ्याच बोर्डांवर दुसरा वेगवान एम.२ स्लॉट भरला की यूएसबी४ च्या लेन कमी होतात, नाहीतर ग्राफिक्स कार्ड सोळावरून आठ लेनवर येतं. हे कुठे लिहिलेलं असतं? मॅन्युअलच्या तपशिलाच्या पानावर, एम.२ च्या तक्त्याखाली, बारीक अक्षरातल्या टिपेत. बोर्ड घ्यायच्या आधी निर्मात्याच्या संकेतस्थळावरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवा, ती टीप शोधा आणि तुमच्या डिस्क कुठल्या स्लॉटमध्ये जाणार हे ठरवा. दहा मिनिटांचं काम आहे. चिपसेटकडच्या स्लॉटचंही लक्षात असू द्या: एएम५ वर चिपसेट प्रोसेसरशी पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या चारच लेननी जोडलेला असतो, त्यामुळे त्याच्या मागच्या सगळ्या डिस्क, यूएसबी आणि नेटवर्क तेवढ्याच वाटेतून जातात. इंटेलच्या झेड मालिकेत हा दुवा आठ लेनचा आहे. एकाच वेळी अनेक वेगवान डिस्कवर काम करणाऱ्याला तो फरक पडतो, बाकीच्यांना नाही.

पाचव्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवरून बोर्ड निवडू नका. आजच्या ग्राफिक्स कार्डांना चौथ्या पिढीच्या सोळा लेन पुरतात. पाचव्या पिढीची एसएसडी मोठमोठ्या फायली हलवताना वेगवान असते आणि तशीच गरमही होते. गेम किंवा विंडोज उघडताना चौथ्या पिढीच्या चांगल्या डिस्कपेक्षा तिचा वेगळेपणा कळतही नाही. एनपीयूचंही (एआयच्या कामांसाठीच्या भागाचंही) तेच. २८५केमधला एनपीयू १३ टॉप्सचा (टॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया) आहे, मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस या एआय सोयींसाठी ४० लागतात.

बोर्डाचा कुठला वर्ग घ्यायचा? आठ कोअरच्या प्रोसेसरला बी८५० किंवा आधीचा बी६५० चा बरा बोर्ड भरपूर होतो. सोळा कोअरवर तासन्‌तास रेंडर चालणार असेल तर व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) जाड हीटसिंक असलेला घ्या. बाकी झगमगाट सोडून द्या.

सॉकेटच्या आयुष्याला मी फार महत्त्व देतो. रायझनचे पहिले एएम४ बोर्ड २०१७ मध्ये आले. त्यांतल्या अनेकांवर बायोस बदलून २०२२ चा ५८००एक्स३डी बसला, आणि जानेवारी २०२४ मध्ये ५७००एक्स३डीही आला. वाट सरळ नव्हती. काही बोर्डांची बायोस चिप १६ एमबीची, तीत नव्या-जुन्या सगळ्या प्रोसेसरचा कोड मावेना, म्हणून जुन्यांचा आधार काढावा लागला. २०२० मध्ये एएमडीने झेन ३ फक्त ५०० मालिकेच्या चिपसेटवर चालेल असं सांगितलं आणि लोकांनी आवाज उठवल्यावर निर्णय बदलला. तरीही वाट होती. एएम५ साठी एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही साथ देण्याचं जाहीर केलं आहे. इंटेलमध्ये एलजीए १७०० वर १२व्यापासून १४व्यापर्यंत तीन पिढ्या आल्या, त्याआधी बहुतेक दोनच. म्हणून सॉकेट नवा असेल तर सुरुवातीचा त्रास सोसा किंवा थांबा. सॉकेट जुना आणि प्रोसेसर तेवढा नवा असेल तर इतकं थांबायचं कारण नाही, कारण बोर्ड आणि बायोस आधीच मुरलेले असतात.

तुमच्या बाबतीत माझा सल्ला असा. तुमच्याकडे एएम४ बोर्ड आहेच. गेम हेच मुख्य असेल तर आधी निर्मात्याच्या यादीत तुमच्या बोर्डाला एक्स३डी प्रोसेसर चालतो का बघा. ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी मिळाला तर रॅम, बोर्ड काहीच न बदलता आणखी काही वर्षं सहज निघतील. एडिटिंग वाढत असेल आणि ३२ जीबी अपुरी पडत असेल, तर सरळ एएम५ किंवा इंटेलचा नवा मंच घ्या. मंच कोरा असेल तर बोर्डाच्या पानावर बायोसच्या तीन-चार आवृत्त्या येईपर्यंत धीर धरा आणि प्रत्येक आवृत्तीत काय दुरुस्त केलंय ते वाचा. रॅमची स्थिरता सुधारली असं सलग येत असेल तर अजून वेळ आहे.

जुन्यातलं काय चालेल? डीडीआर४ रॅम चालणार नाही, खाचच वेगळ्या जागी असते. ग्राफिक्स कार्ड चालेल. एसएसडी चालेल. पॉवर सप्लाय चांगल्या दर्जाचा आणि पुरेशा वॉटचा असेल तर चालेल, मात्र वॉरंटी संपलेला असेल तर मी तो नव्या यंत्रात नेत नाही. कूलरचं जरा बघावं लागतं. एएम४ चा कूलर बोर्डाच्या मूळ बॅकप्लेटवर बसणारा असेल तर एएम५ वर बसतो. स्वतःची बॅकप्लेट लावणारा बसत नाही, कारण एएम५ ची बॅकप्लेट सॉकेटलाच पक्की जोडलेली असते. इंटेलच्या एलजीए १७०० चे बहुतेक कूलर १८५१ वर बसतात. त्याआधीच्यांना निर्मात्याकडून वेगळी पट्टी मागवावी लागते.

आणि सर्वांत आधी एक गोष्ट करा. विंडोजची डिस्क बिटलॉकरने किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनने कुलूपबंद असेल, तर तिची किल्ली जुन्या प्रोसेसरमधल्या किंवा बोर्डावरच्या टीपीएमशी (किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा-भागाशी) बांधलेली असते. नव्या बोर्डावर ती डिस्क लावलीत की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती नसेल तर त्या डिस्कवरचं काम परत मिळवून द्यायला माझ्यासारख्याला काहीही करता येत नाही. जुनं यंत्र चालू असतानाच सेटिंग्जमधून ती की काढून कागदावर उतरवा, शक्य तर एन्क्रिप्शन तात्पुरतं बंद करा, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.